सायबर सुरक्षेचे सरकारी शिक्षण : नियम पुष्कळ, कारणे कुठे?

२९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड (आताचे प्रभादेवी) स्थानकाच्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर पाच महिन्यांत, २७ फेब्रुवारी २०१८ रोजी, सैन्याच्या अभियंत्यांनी बांधलेले तीन पूल खुले झाले. त्यांतला एक करी रोडचा. मधल्या काळात या अपघाताची चर्चा गिरणगावातल्या प्रत्येक चाळीत झाली. जिन्याची रुंदी, पाऊस, एकाच वेळी आलेल्या गाड्या, गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या कचेऱ्यांमुळे वाढलेली गर्दी, हे सारे उघडपणे बोलले गेले. विज्ञानाच्या कोणत्याही शिक्षकाला एका चौरस मीटरमध्ये किती माणसे मावतात हा हिशेब फळ्यावर मांडता आला असता. ‘जिन्यावर धक्काबुक्की करू नये’ अशी पाटी लावली की काम झाले, असे मात्र कोणी म्हटले नाही.

याच वस्तीत आणखी एका प्रकारचे अपघात रोज घडतात. त्यांचा आवाज होत नाही. लालबागच्या मिरची गल्लीत मसाला कुटून घेणारी बाई पैसे फोनवरून देते, खानावळवाली घ्यायचे पैसे फोनवर घेते, निवृत्त गिरणी कामगाराचे पेन्शन थेट खात्यात जमा होते. केंद्रीय गृहमंत्रालयाने संसदेत दिलेल्या माहितीप्रमाणे २०२४ या एका वर्षात देशातील नागरिकांनी सायबर फसवणुकीत सुमारे २२,८४५ कोटी रुपये गमावले. आदल्या वर्षीच्या जवळजवळ तिप्पट. या अपघातांवर आपल्या सार्वजनिक यंत्रणेचे उत्तर मुख्यतः पाटीचे आहे, आणि ती पाटी वर्गात वाचून दाखवण्याचे काम शिक्षकांकडे आले आहे. तिच्याविषयी थोडे स्पष्ट बोलावे, म्हणून हा लेख.

ही यंत्रणा काही अगदीच दुबळी नाही. संगणक-सुरक्षेच्या घटनांची दखल घेणारी ‘सर्ट-इन’ ही केंद्र सरकारची संस्था २००४ पासून काम करते. ‘इन्फर्मेशन सिक्युरिटी एज्युकेशन अँड अवेअरनेस’ हा प्रकल्प २००५ पासून चालू आहे, आणि त्याच्या जनजागृतीचा भार सी-डॅक ही संस्था वाहते. पत्रके, भित्तिपत्रके, छोट्या चित्रफिती असे त्याचे साहित्य अनेक भारतीय भाषांत निघते. गृहमंत्रालयाने २०१८ मध्ये विद्यार्थ्यांसाठी एक पुस्तिका काढली. अनोळखी माणसाने गोड बोलून मुलाला जाळ्यात ओढणे, वर्गमित्रांनी फोनवरून छळणे अशा विषयांवर तिच्यात जे आहे ते शिक्षकाने जरूर वाचावे. १९३० हा दूरध्वनी क्रमांकही उपयोगाचा आहे. पैसे गेल्याबरोबर तो फिरवला तर पुढच्या खात्यात पोचलेली रक्कम गोठवता येण्याची शक्यता असते. ही माहिती मुलांनी घरी सांगितली तर पत्रकांचे निम्मे काम तिथेच होईल.

आमची तक्रार वेगळी आहे. संशोधन आणि प्रशिक्षण ही दोन कामे एका छपराखाली असावी लागतात. ती वेगळी झाली की प्रशिक्षणाचे पाठांतर होते. मुंबईला हे नवीन नाही. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या एका केंद्रातून १९८५ मध्ये ‘नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी’ ही संस्था निघाली आणि पुढे जुहूला स्थिरावली. डॉ. श्रीनिवासन रमणी तिचे संचालक होते. भारतातले आरंभीचे ई-मेल जिथून आले-गेले त्या मोजक्या जागांपैकी ही एक. ‘डॉट इन’ या भारतीय नावांची नोंदवही अनेक वर्षे तिथेच होती. जाळे बांधणारी, ते बिघडल्यावर दुरुस्त करणारी आणि त्याविषयी शिकवणारी माणसे तिथे एकाच इमारतीत बसत. विद्यार्थ्याने ‘असे का?’ विचारले तर उत्तर देणारा माणूस शेजारच्या खोलीत सापडत असे. २००३ मध्ये ही संस्था सी-डॅकमध्ये विलीन झाली. सी-डॅकमध्ये आजही संशोधन होते, संगणक-जाळ्यांच्या सुरक्षिततेचा पदविका अभ्यासक्रमही चालतो. पण शाळेपर्यंत जे पोचते त्यात त्या शेजारच्या खोलीचा मागमूस नसतो.

गेल्या वर्षी करी रोडजवळच्या एका शाळेत शिक्षकांसाठी भरलेल्या अशाच एका वर्गाला आम्ही जाऊन बसलो होतो. वर्ग कोणाचा होता याला महत्त्व नाही, असे वर्ग सगळीकडे सारखेच असतात. पडद्यावर नियम आले : पासवर्डमध्ये मोठे अक्षर, लहान अक्षर, अंक आणि एखादे चिन्ह असावे. तो दर महिन्याला बदलावा. कुठेही लिहून ठेवू नये. मागच्या बाकावरच्या गणिताच्या बाईंनी विचारले, “दर महिन्याला बदलल्याने नेमके काय होते?” प्रशिक्षक भला माणूस होता. तो म्हणाला, “तसा नियम आहे, मॅडम.” आणि पुढचे चित्र लावले.

आता या नियमाची जन्मकथा पाहा. २००४ मध्ये अमेरिकेच्या ‘निस्ट’ या प्रमाणसंस्थेने एक मार्गदर्शिका काढली. तिच्या परिशिष्टात बिल बर यांनी पासवर्डची बळकटी मोजण्याची एक रीत दिली होती. लोक प्रत्यक्षात कसे पासवर्ड निवडतात याची विश्वासार्ह माहिती तेव्हा फार थोडी होती. जगभरच्या कचेऱ्यांनी ही मार्गदर्शिका शिरोधार्य मानली. २०१० मध्ये नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठातल्या संशोधकांनी बंद झालेल्या सुमारे दहा हजार खात्यांचे जुने पासवर्ड तपासले. ही खाती ठराविक मुदतीने पासवर्ड बदलण्याची सक्ती असलेली होती. जुना पासवर्ड माहीत असेल तर १७ टक्के खात्यांचा पुढचा पासवर्ड पाच प्रयत्नांच्या आत ओळखता आला. कारण उघड आहे. सक्ती केली की माणूस शेवटच्या १ चा २ करतो. २०१७ च्या आवृत्तीत निस्टने सांगितले की ठराविक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नये, आणि चिन्हे-अंकांची सक्तीही करू नये. बर यांनीही त्याच वर्षी आपल्या जुन्या सल्ल्याबद्दल खंत व्यक्त केली. २०२५ मधल्या चौथ्या आवृत्तीने ही बंधने अधिकच स्पष्ट केली. पासवर्ड बदलायचा तो फुटल्याचा पुरावा किंवा संशय असेल तेव्हा.

म्हणजे बाईंचा प्रश्न अगदी बरोबर होता. संशोधनाने त्याचे उत्तर देऊन काही वर्षे लोटली होती, पण ते करी रोडच्या वर्गापर्यंत आले नव्हते.

चिन्हांच्या नियमाचे गणित नववीच्या वर्गालाही जमेल. संगणकाच्या कळफलकावर छापता येणारी अक्षरे, अंक आणि चिन्हे मिळून ९५ होतात. त्यांतून आठ जागा भरायच्या तर ९५ चा आठवा घात, म्हणजे सुमारे ६६ कोटी कोटी पर्याय. (एक कोटी कोटी म्हणजे एकावर १४ शून्ये.) आता चिन्हे सोडून द्या, फक्त इंग्रजीतली २६ लहान अक्षरे घ्या, पण जागा बारा करा. २६ चा बारावा घात सुमारे ९५४ कोटी कोटी भरतो. चौदा पटींहून अधिक! पाया मोठा करण्यापेक्षा घातांक वाढवणे किती फायद्याचे, याचे यापेक्षा चांगले उदाहरण पाठ्यपुस्तकात सापडणार नाही. अर्थात अट अशी की अक्षरे खरोखरच यदृच्छेने निवडलेली हवीत. ‘लालबाग’, मग ॲटची खूण, मग २०२४ असा पासवर्ड पहिले अक्षर मोठे करून रोमन लिपीत लिहिला, तर तो वर्गात सांगितलेले सगळे नियम पाळतो आणि बारा खुणांचा होतो. तरी चोराच्या यादीत तो फार वरच्या क्रमांकावर असेल.

ओटीपीची गोष्ट याहून बोधप्रद आहे. ‘ओटीपी कोणालाही सांगू नका’ हे वाक्य आता बालवाडीतल्या मुलांनाही पाठ आहे. २०२४-२५ मध्ये ते प्रत्येक फोनच्या आधी ऐकावे लागत असे. अमिताभ बच्चन यांच्या आवाजातली ती सूचना २०२५ च्या जूनमध्ये थांबली, तेव्हा पुष्कळांनी सुटकेचा श्वास टाकला. पण चोर फोन का करतो, हे कोणत्या पत्रकात सांगितलेले आम्ही पाहिले नाही. सहा अंकी ओटीपीचे दहा लाख पर्याय होतात. चुकण्याची संधी तीनदाच मिळते असे धरू. मग अंदाजाने तो बरोबर येण्याची शक्यता दहा लाखांत तीन. उलट हजार फोनांमागे एकच माणूस बोलण्यात फसतो असे मानले, तरी फोन करणे हे अंदाज बांधण्यापेक्षा तीनशे पटींहून अधिक फायद्याचे ठरते. यंत्राचे गणित भक्कम आहे, म्हणून चोर माणसाकडे वळला. ही एक गोष्ट विद्यार्थ्याला कळली की उद्या ओटीपीऐवजी दुसरे काही आले, तरी आपल्याला फोन का येतो आहे हे तो ओळखेल. नुसते वाक्य पाठ असलेला मुलगा ओटीपी देणार नाही, पण ‘फक्त स्क्रीन शेअर करा’ म्हटल्यावर करील.

आणखी एक उदाहरण. यूपीआयमध्ये एका व्यक्तीला दुसऱ्या व्यक्तीकडे पैसे ‘मागण्याची’ सोय होती. चोर जुन्या सोफ्याचा ग्राहक बनून ‘तुम्हाला पैसे पाठवतो’ म्हणे, आणि धाडी मागणी. समोरचा मनुष्य पैसे येतील या समजुतीने पिन दाबे आणि त्याच्याच खात्यातून पैसे जात. ‘पैसे घ्यायला पिन लागत नाही’ हे वर्षानुवर्षे जनतेला शिकवले गेले. शेवटी नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने १ ऑक्टोबर २०२५ पासून व्यक्ती-व्यक्तींमधली ही मागणीची सोयच काढून टाकली. अरुंद जिना पाडून रुंद केला, असेच म्हणायचे. हा निर्णय स्वागतार्ह आहे. पण जी सोय काढून टाकता येत होती, तिच्यापासून सावध राहण्याचे ओझे इतकी वर्षे कोट्यवधी सामान्य माणसांवर का टाकले? फसलेल्या माणसाला वर ‘अडाणी’ म्हणून ऐकून घ्यावे लागले ते वेगळेच. चुका मोजणारे संशोधन आणि सल्ला देणारे प्रशिक्षण एकमेकांशी बोलत असते तर हा प्रश्न लवकर विचारला गेला असता, असे आम्हाला वाटते.

नुसत्या सल्ल्याचा उपयोग किती, हेही मोजलेले आहे. फसव्या ई-मेलचा गळ ओळखायला कसे शिकवावे यावर पोन्नुरंगम कुमारगुरू यांनी कार्नेगी मेलन विद्यापीठात संशोधन केले. नुसत्या सूचना पाठवण्यापेक्षा, माणूस खोट्या गळाला लागला की त्याच क्षणी छोटी चित्रकथा दाखवली तर तो अधिक शिकतो, असे त्यांच्या प्रयोगांत दिसले. ही आशादायक गोष्ट होती. मग मोठे प्रयोग झाले. झुरिकच्या ईटीएच संस्थेतील संशोधकांनी चौदा हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांवर पंधरा महिने केलेला अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात अशा शिकवणीने कर्मचारी अधिक सावध झालेले आढळले नाहीत. २०२५ मध्ये सॅन डिएगोच्या एका रुग्णालय-समूहातल्या सुमारे १९,५०० कर्मचाऱ्यांवरचा अभ्यास आला. प्रशिक्षण मिळालेले आणि न मिळालेले यांच्यातला फरक सरासरी १.७ टक्के इतकाच निघाला. यावरून शिकवणे सोडून द्यावे असे ठरत नाही. कसे शिकवल्याने फरक पडतो हे अजून शोधायचे आहे, एवढे ठरते.

आपल्याकडे यश कशाने मोजतात? २०१३ च्या राष्ट्रीय सायबर सुरक्षा धोरणात पाच वर्षांत पाच लाख तज्ज्ञ तयार करण्याचे उद्दिष्ट होते. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २.६५ लाख लोकांना माहिती-सुरक्षेचे प्रशिक्षण देण्याचे ठरवले. हे आकडे बाकावर बसलेल्यांचे आहेत. परीक्षेला बसलेले सगळे उत्तीर्ण, असा निकाल कोणत्याही शाळेने लावला तर शिक्षण खाते खुलासा मागेल. वर्गाआधी आणि वर्गानंतर तीन महिन्यांनी दहा खरे-खोटे संदेश ओळखायला देणे ही काही खर्चिक गोष्ट नाही. त्यातला तीन महिन्यांचा खंड महत्त्वाचा. त्याच दुपारी घेतलेली चाचणी फक्त जेवणापर्यंतची स्मरणशक्ती मोजते.

आता सर्वांत गंभीर मुद्दा. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून ९४.४२ कोटी रुपये गेले. एटीएम यंत्र आणि बँकेच्या मुख्य हिशेबाचा संगणक यांच्यामध्ये ‘स्विच’ नावाची व्यवस्था असते. यंत्र तिला विचारते, ती मुख्य संगणकाला विचारते, खात्यात पैसे असतील तर होकार परत येतो. चोरांनी मध्येच स्वतःचा खोटा स्विच बसवला. तो मुख्य संगणकाला न विचारताच होकार देऊ लागला. बनावट कार्डे घेऊन २८ देशांतल्या एटीएमवर माणसे उभी होती. ११ ऑगस्टला सुमारे ७८ कोटी रुपये परदेशांतून आणि अडीच कोटी देशातून काढले गेले, आणि १३ ऑगस्टला जवळजवळ १४ कोटी हाँगकाँगच्या एका खात्यात वळवले गेले. पैसे काढणाऱ्यांपैकी अकरा जणांना पुण्याच्या न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये दोषी ठरवले. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ-समितीने २०१९ च्या अहवालात या चोरीची नोंद उत्तर कोरियाच्या संदर्भात घेतली आहे. या साऱ्या प्रकारात एकाही खातेदाराने कोणाला ओटीपी सांगितला नव्हता.

अशा घटनेचा साद्यंत अहवाल हा सायबर सुरक्षेचा सर्वोत्तम पाठ असतो. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये ब्रिटिश लायब्ररीवर हल्ला होऊन तिची संगणक-व्यवस्था कोलमडली. मार्च २०२४ मध्ये त्या संस्थेने काय चुकले, जुनी यंत्रे का राहिली होती, यावर स्वतःच अठरा पानांचा अहवाल सर्वांसाठी प्रसिद्ध केला. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्स रुग्णालयावर तसाच हल्ला झाला. त्याविषयी आपल्याला संसदेतल्या उत्तरांमधून मोजकी वाक्ये मिळाली : पाच सर्व्हर बाधित, सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद, जाळ्याचे नीट विभाग पाडलेले नव्हते. यातले शेवटचे वाक्य सोन्याच्या मोलाचे आहे. जहाजाच्या तळाशी जलाभेद्य कप्पे असतात, एकात पाणी शिरले तरी दुसरा कोरडा राहतो. जाळ्याचे तेच. प्राचार्य ते परीक्षा-विभाग सगळे एकाच जाळ्यावर असलेल्या प्रत्येक शाळा-महाविद्यालयाला हा धडा लागू आहे. पण तो एका वाक्यापाशीच थांबला.

एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत सर्ट-इनला कळवणे संस्थांना बंधनकारक आहे. म्हणजे देशभरच्या अपघातांची नोंद एका सरकारी संस्थेकडे जमा होते. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने याच संस्थेला माहिती अधिकार कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत घातले. आता भ्रष्टाचार किंवा मानवी हक्कभंगाचे आरोप वगळता तिच्याकडून माहिती मागण्याचा हक्क नागरिकाला नाही. सर्ट-इन त्रुटींविषयी इशारे देते, २०१७ पासून तिचे ‘सायबर स्वच्छता केंद्र’ संगणक साफ करण्याची साधने फुकट देते, हे आम्ही नाकारत नाही. पण ज्या वह्यांतून उद्याचा अभ्यासक्रम लिहायचा, त्या वह्याच कपाटात बंद झाल्या.

यावर उत्तर तयार असते : माहिती उघड केली तर चोरांचे फावेल. चालू तपासापुरते ते खरे आहे, आणि न बुजवलेले भोक जाहीर करू नये हेही खरे. पण ऑगस्ट केरकहॉफ्स या भाषापंडिताने १८८३ मध्येच लष्करी गुप्तलिपीविषयी लिहिताना सांगितले होते की, पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये, गुपित राहायचे ते किल्लीचे. आजची सगळी गुप्तलेखनपद्धती या तत्त्वावर उभी आहे. कुलपाचा नकाशा जगाला माहीत आहे, तज्ज्ञांनी तो फोडून पाहिला आहे, म्हणूनच त्यावर भरवसा ठेवता येतो. बुजवलेल्या भोकाची हकिगत पाच वर्षांनीही लपवून ठेवण्याने फक्त शिकणाऱ्यांचे नुकसान होते.

सार्वजनिक केंद्राने करण्याजोगे, आणि आपल्याशिवाय कोणी न करण्याजोगे, एक काम इथे सुचवतो. यदृच्छेने शब्द निवडण्याची फाशांची रीत अमेरिकेत १९९५ पासून आहे. वर्गात ती मराठीत करता येते. मुलांनी १,२९६ सोपे मराठी शब्द गोळा करावेत, म्हणजे सहाचा चौथा घात. चार फासे टाकले की एक शब्द ठरतो. असे सहा शब्द घेतले तर पर्याय होतात सहाचा चोविसावा घात, वरच्या आठ खुणांच्या पासवर्डच्या सातशे पटींहून अधिक. ‘परात, वादळ, जिरे, खिडकी, मोर, सुतळी’ हे लक्षात ठेवणे अवघडही नाही, डोळ्यांसमोर चित्र उभे केले की झाले. अडचण पुढे येते. पुष्कळ ठिकाणी पासवर्डमध्ये देवनागरी चालत नाही, म्हणून शब्द रोमन लिपीत लिहावे लागतात. मग एकच मूल ‘वादळ’मधला ळ एकदा एका रीतीने लिहिते, एकदा दुसऱ्या. ‘परात’मधला आ एका ‘ए’ने लिहायचा की दोन? मराठी माणसे रोमनमध्ये कशी लिहितात, कुठे अडखळतात, नेहमी कोणते शब्द निवडतात, आणि त्यामुळे चोराचे काम किती सोपे होते, हे मोजावे लागेल. तोवर वर्गासाठी यादी करताना ळ, ण, ज्ञ असलेले शब्द वगळावेत आणि दीर्घ आ एकाच ‘ए’ने लिहायचा असे आधी ठरवून घ्यावे. मुलांनी केलेल्या याद्या आणि त्यांच्या चुकांच्या नोंदी आमच्याकडे धाडल्यास आम्ही त्या एकत्र करून या पानांतून परत देऊ. मुलांचे खरे पासवर्ड मात्र कोणी पाठवू नयेत.